तक्रार लेखी द्यावी

तीर्थस्वरूप हेमंतमामा यांस,

तुमची भाची शलाका हिचा मांजर्लीच्या घराच्या ओट्यावरून, बारवीच्या दिशेला तोंड करून, वाकून नमस्कार. (दिशा बाबांनी दाखवली. आई म्हणाली चुकली, धरण आणखी उजवीकडे. म्हणून दोन्हीकडे एकेक केला आहे, पोचेल तो घ्यावा.) मामींनाही नमस्कार सांगा. तुमचा गुडघा कसा आहे, शेतात वाकायला होतं का, भात कापणीला आलं असेल, रानडुकरं त्रास देतात का, हे सगळं विचारायला आईनं सांगितलेलं नाही. मी आपलं स्वतःहून विचारते आहे. आई स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली की गुडघ्याला तिळाचं तेल लावत जा म्हणावं, आणि हे मी सांगितलं असं लिहू नकोस. म्हणून ते लिहीत नाही.

पत्राचं कारण असं. गेल्या आठवड्यात तुमचे लाइनमन सुजितभाऊ आमच्याकडे आले आणि उंबऱ्यातूनच तुमचा निरोप दिला. दिवाळी झाली की अंबरनाथ पश्चिमेपासून आमच्या मांजर्लीपर्यंतची सगळी केबल, खांबांवरच्या तारा आणि उरलेले ग्राहक एका मोठ्या कंपनीला देऊन टाकायचा तुमचा विचार आहे, आणि "भाची शिकलीय, बाजाराचं काम करते, तिला विचार बाजार काय बोलतो," असं तुम्ही म्हणालात. मामा, मला पदवी मिळाल्यापासून घरात कुणी असं काही विचारलं नव्हतं. बाबा अजून गॅसचं बुकिंग करायलासुद्धा शेजारच्यांना सांगतात, कारण मी ‘अभ्यासातली’ आहे. त्यामुळे मी हे काम मनावर घेतलं आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या पाड्यावर रेंज नसते (आमच्या घरचा नंबर दिसला की विशेष नसते, असं सुजितभाऊ म्हणाले). शिवाय तुमच्या केबल ऑफिसातली पाटी मी लहानपणापासून वाचत आले आहे : ‘तक्रार लेखी द्यावी. तोंडी तक्रारीची दखल घेतली जाणार नाही.’ ही तक्रार नाही, अहवाल आहे, पण लेखी आहे.

तर माझी नोकरी बाजाराच्या पाहणीची आहे. लोक टीव्ही किती बघतात, गाणी कशावर ऐकतात, मोबाइलला कुठलं कार्ड वापरतात, हे घरोघर विचारून टॅबमध्ये भरायचं. आमचे साहेब अल्पेशभाई मुंबईहून सांगतात की आपण आकडे गोळा करतो. मी मनात म्हणते की आपण माणसांचं म्हणणं गोळा करतो. (हे मी एकदा त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, म्हणणं एका मिनिटात आटप.) उल्हासनगरला पहिल्याच दुकानात, फर्निचरच्या गल्लीत, एका सिंधी काकांना मी विचारलं की दुकानातला टीव्ही दिवसाकाठी किती वेळ बघता. ते म्हणाले, "बेटी, टीव्ही तो दुकान का पंखा है. चलता रहता है, देखता कौन है?" मग त्यांनीच माझी पाहणी सुरू केली. गाव कुठलं, वडील काय करतात, लग्नात कपाट द्यायचं ठरलंय का. मी तिथून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे माझी सगळी माहिती होती आणि माझ्याकडे त्यांनी गळ्यात मारलेलं मोबाइलचं एक कव्हर होतं, जे माझ्या मोबाइलला बसत नाही.

त्या गल्लीच्या टोकाला तुमचं जुनं दुकान होतं ना, तिथे आता मोमोज मिळतात. मी एक प्लेट घेतली आणि उभ्याउभ्या बघत राहिले. आई सांगते त्यावरून मी हिशोब लावला की टेलिफोन, संगीत आणि टेलिव्हिजन या तीन धंद्यांची जी स्थित्यंतरं आम्ही रंगीत चित्रं काढून दाखवतो, ती सगळी तुमच्या त्या एका गाळ्यातून गेलेली आहेत. आधी पिवळ्या अक्षरांचा टेलिफोन बूथ, ज्याच्या काचेच्या दाराआड लोक गावाकडच्या माणसाला ऐकू जावं म्हणून इतकं ओरडत की उल्हासनगरच्या आख्ख्या कॅम्पाला कुणाच्या म्हशीला काय झालं ते कळे. मग त्याच गाळ्यात ‘गाणी भरून मिळतील’ची पाटी, आणि मग गच्चीवर केबलची ती मोठी थाळी, जिच्यावर आजीनं पहिल्या दिवशी पापड वाळत घातले होते. बाजार एका धंद्यातून उठला की तुम्ही आधीच दुसऱ्यात जाऊन बसलेले असायचात. आमच्या ऑफिसात याला दूरदृष्टी म्हणतात. आई याला ‘दादाच्या पायाला भिंगरी’ म्हणते.

आणि त्या कॅसेटी. मामा, तुम्हाला फीत वाया घालवायला आवडत नसे, म्हणून बाजू संपत आली तरी तुम्ही शेवटी आणखी एक गाणं सुरू करायचात आणि ते मध्येच खट् करून तुटायचं. आईच्या हळदीला वाजलेली कॅसेट तुम्हीच भरली होती. त्यामुळे आमच्या घरात कित्येक गाणी अर्धीच माहीत आहेत. आई भाकऱ्या करताना अजून तिथपर्यंतच गाते आणि नेमकी त्या ठिकाणी थांबते. मी तिला मोबाइलवर त्यातलं एक गाणं शेवटपर्यंत ऐकवलं. ती सबंध ऐकून म्हणाली, "हे पुढचं कुणी जोडलं? दादानं भरलेलं बरोबर होतं." संगीताच्या बाजाराचा कल मी टॅबमध्ये भरला : आता सगळ्यांकडे सगळी गाणी पूर्ण असतात. आईचं मत लिहायला जागा नव्हती.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. नशिबानं पुढची पाहणी अंबरनाथ पश्चिमेलाच निघाली, आणि विषय होता ‘केबल अजून न सोडलेली घरं’. म्हणजे तुमचेच ग्राहक. (मी भाची आहे हे कुणाला सांगायचं नाही असा नियम होता. पहिल्याच जिन्यात तीन बायकांनी मला हेमंताची भाची म्हणून हाक मारली.) केबल का ठेवली, याला टॅबमध्ये पर्याय होते : स्वस्त आहे, वाहिन्या आवडतात, सवय आहे, इतर. पहिलं घर कौसाबाईंचं. तुम्ही त्यांना ओळखताच, त्यांचं चित्र दर आठवड्याला जातं. सुजितभाऊ माझ्याबरोबरच आले होते आणि जिना चढताना बडबडत होते की या म्हातारीची वायर चांगली, खांब चांगला, बॉक्स नवीन, तरी तक्रार हिची पहिली, अपना दिमाग आउट हो गया है. आत जाऊन बघतो तर बॉक्समागची केबलची पिन निघालेली. मी म्हटलं, आजी, ही पिन सारखी कशी निघते? त्या शांतपणे म्हणाल्या, "निघत नाही. काढते मी."

सुजितभाऊंनी हातातली पक्कड पिशवीत टाकली. कौसाबाई मला समजावून सांगू लागल्या. हेमंता होता तेव्हा चित्र गेलं की तो स्वतः यायचा. पिन लावायचा, चहा घ्यायचा, सुनेचं गाऱ्हाणं ऐकायचा, जाताना नळ गळत असला तर तोही आवळायचा. "आता हा येतो, लावतो नि पळतो. याला तक्रारीतलं काय कळतं?" पुढच्या घरांत मी सरळच विचारलं, पिन कोण काढतं. एका काकांनी बायकोकडे बघितलं, बायकोनं छताकडे. एका घरात तर टीव्हीच बंद पडून वर्ष झालं होतं, पण केबल चालू होती आणि तक्रारही. मामा, मी संध्याकाळपर्यंत प्रत्येक घरी ‘इतर’वर बोट ठेवत गेले आणि कारणाच्या रकान्यात खरं तेच लिहिलं : ‘तक्रार करता यावी म्हणून.’

अल्पेशभाईंचा फोन आला. म्हणाले, "शलाका, आ शुं छे? ‘इतर’ सगळ्यात मोठा झालाय." मी म्हटलं, सर, लोकांचं म्हणणं तेच आहे. मग त्यांनी विचारलं की असा माणूस भाड्यानं मिळतो का, जो येऊन चहा पिईल. त्यांना हे कंपनीला नवी सेवा म्हणून सुचवायचं होतं. मी नाही म्हटलं. तो सध्या बारवीकडे भात कापतो आहे, हे मी सांगितलं नाही.

आणि ज्या घरांनी केबल सोडली त्यांचंही सांगणं माझं कर्तव्य आहे. त्यात, तुमच्या समजुतीनं, पहिलं घर आमचं. मी शेवटच्या वर्षाला असताना आईनं माझ्या अभ्यासासाठी दुसऱ्या कंपनीचं फायबर इंटरनेट घेतलं, आणि त्यांचा माणूस वायर ओढायला आमच्या पत्र्यावर चढलेला असताना नेमके तुम्ही आलात. बहिणीनं दुसऱ्याचं कनेक्शन घेतलं हे तुम्ही कदाचित गिळलं असतं, पण तो आमच्याकडे ठेवलेल्या तुमच्याच शिडीवरून चढला होता. तुम्ही चहा अर्धा ठेवलात, शिडी खांद्यावर घेतलीत आणि गेलात. तो माणूस भर उन्हात पत्र्यावर बसून राहिला, बाबा पाळीवरून येऊन मंडळाच्या मांडववाल्याकडून बांबू आणीपर्यंत. (त्यानं वरून मला फायबरचा वेग समजावून सांगितला. वेग चांगला आहे.) पुराच्या वर्षी पाणी घरात शिरलं तेव्हा हीच शिडी लावून तुम्ही आधी टीव्ही माळ्यावर ठेवला आणि मग आईला. आई हे दोन्ही प्रसंग एकाच दमात सांगते, आणि कुठल्या वाक्याला हसायचं हे पाहुण्यांना कळत नाही. त्यानंतर तुम्ही आलेला नाहीत. पण माझा निकाल लागला तेव्हा तुमच्या केबलच्या वाहिनीवर खालून पट्टी धावत होती, ‘आमची भाची शलाका बी.कॉम. झाली, घराण्यातली पहिली’, महिनाभर, सिनेमाखालून, भजनाखालून, एकाच्या तेराव्याच्या निरोपाखालूनसुद्धा. ती आम्हाला कशी दिसली, हे तुम्ही विचारलं नाहीत.

तर माझा अहवाल असा. बाजाराचा कल पाहता केबलला पुढे दिवस नाहीत. तरुण मंडळी मोबाइलवर गेली, उरलेले म्हातारे आहेत. कंपनी बरं देत असेल तर देऊन टाकावी. मी शिकलेली आहे, तुम्ही विश्वासानं विचारलंत, म्हणून जे खरं आहे तेच लिहिलं. पत्र सुजितभाऊ तुमच्याकडे वसुली द्यायला येतील त्यांच्या हाती देते आहे. उत्तर नाही पाठवलंत तरी चालेल, गुडघा तेवढा सांभाळा.

तुमची,
शलाका

ता. क. १ : वरचा अहवाल बाजाराचा झाला. खालची तक्रार लेखी आहे, तिची दखल घ्यावी. ग्राहकाचं नाव : रंजना (म्हणजे आई), मांजर्ली. तक्रार : चित्र दिसत नाही. तपशील : ग्राहकानं फायबर घेतल्यावरही जुन्या टीव्हीची केबल कधीच सोडली नाही. माझी पट्टी त्यावरच बघितली. ग्राहक स्वतः पिन काढते आणि तक्रार नोंदवते, हे मी कौसाबाईंकडून घरी आल्यावर बॉक्समागे हात घातला तेव्हा कळलं. सुजितभाऊंना पाठवू नये. ते येऊन पिन लावून गेले की ती पुन्हा काढते.

ता. क. २ : केबल खुशाल विका, पण भाऊबीज झाल्यावर. कंपनीकडे तक्रारीला नुसता नंबर असतो, एक दाबा, दोन दाबा. तुम्ही गेल्या दोन्ही भाऊबिजांना आला नाहीत. पहिल्या वर्षी आईनं चंद्राला ओवाळलं. गेल्या वर्षी समोर नवी इमारत उभी राहिली, चंद्र काही दिसेना, ताट हातात तसंच. मग तिनं आत येऊन टीव्हीखालच्या तुमच्या बॉक्सच्या लाल दिव्याला ओवाळलं. मी दारामागून बघितलं. अक्षता अजून त्याच्या फटीत आहेत. पिन काढली तरी तो दिवा ती विझू देत नाही.

ता. क. ३ : येताना शिडी आणा. फायबर परवापासून बंद आहे आणि तो माणूस म्हणतो की चढायला तयार आहे, पण शिडीचे मालक घरात बसून पूर्ण चहा पिताना दिसले तरच.