यमुनाबाईंच्या परसातली गंगा

रत्नागिरी, वैशाख वद्य ४, शके १८५६

तीर्थस्वरूप भिकाजीमामांच्या चरणी भाचा हरिश्चंद्र याचा साष्टांग नमस्कार पोचावा. इकडे आम्ही सगळी धडधाकट आहोत (मी सोडून, ते पुढे येतेच आहे). तुमचा खोकला कसा आहे? मामींची दाढ काढली, का अजून मुंबईतल्या सगळ्या वैद्यांना ती दाखवणे चालूच आहे?

पत्र लिहायचे कारण तुमचा तो गारव्याचा नकाशा. साहेबाच्या बंगल्यात तुम्ही स्वतः बसवलेत तेच सगळे: खिडकीला वाळ्याचा पडदा, वर ठिबकते घंगाळ, खाली पत्र्याची परात, आणि परातीतले पाणी बाहेर नेणारी शिशाची नळी. पडदा, घंगाळ, परात एका सकाळीत झाली. नळीने मात्र जीव खाल्ला. ती इथे कुठे मिळेना, म्हणून आगरात पाटाला लावतात तसली पोफळीची कोरलेली पन्हळ आणली. फुटाला पाव इंच उतार द्या म्हणालात, तोही दिला. पण शुभकार्य म्हणून मी नकाशा उघडला तो पूर्वेकडे तोंड करून, आणि आमची खिडकी पश्चिमेला! आतले बाहेर नि बाहेरचे आत झाले, आणि पहिली धार थेट स्वयंपाकघरात, सावित्रीने पापडांसाठी भिजवलेल्या पिठात गेली. त्यावर तुमची सूनबाई मला जे बोलली ते मी कोर्टातला कारकून असूनही टिपून घेतलेले नाही.

मग उतार फिरवला. आता पाणी सोडायचे कुठे? तुळशीकडे सावित्री सोडू देईना, विहिरीकडे मीच सोडणार नाही. उरली दगडी गडग्याच्या कुंपणाची बाजू. गडग्यापलीकडे यमुनाबाई राहतात. (तुम्हाला आठवत असतील. आमच्या फणसाची फांदी त्यांच्या परसात गेली, त्यांनी ती तोडली, तेव्हापासून सावित्री आणि त्या अकरा वर्षे एकमेकींशी बोललेल्या नाहीत. एकमेकींबद्दल मात्र रोज बोलतात.) तेव्हा त्या दुपारच्या डुलक्या घेत असताना मी गुपचूप पन्हळ गडग्याखालून घातली, वर माती लोटली, आणि तोंड पलीकडच्या जांभ्याच्या दगडांत बेमालूम लपवले. मनात म्हटले, चार थेंब पाणी, कोणाला कळतेय!

तिसऱ्या दिवशी सकाळी यमुनाबाईंची आरोळी आली, “अगो सावित्री, धाव गो! गंगा आली!” मामा, भर वैशाखात, कोरड्या कातळातून पाणी झरताना पाहिले तर राजापूरची अवचित प्रकटणारी गंगा ठाऊक असलेल्या माणसाने दुसरे काय म्हणावे? आणि सावित्री धावली हो! अकरा वर्षांचा अबोला विसरून हळदकुंकू घेऊन धावली. दुपारपर्यंत मांडवीपासूनच्या बायका कळश्या घेऊन हजर. उपाध्यांनी नारळ फोडला. सावित्रीचा दुखरा गुडघा त्या पाण्याने बरा झाला. मी कबूल करायला दोनदा तोंड उघडले, दोन्ही वेळा त्यात कोणीतरी तीर्थ घातले.

मंगळवारी मी कोर्टात असताना घंगाळ रिकामे झाले आणि गंगा आटली. घरी येऊन बघतो तो यमुनाबाई पदर डोळ्याला लावून म्हणताहेत, माझ्या पापाने गेली, मी फणसाची फांदी तोडली. सावित्री म्हणतेय, नाही हो, माझ्याच जिभेने गेली. दोघी गळ्यात गळा घालून रडताहेत. खरे सांगितले तर गडग्यावरून पुन्हा अकरा वर्षे, आणि या खेपेस दोघी मिळून आधी माझ्यावर! तसाच मागच्या दाराने गेलो आणि रहाटाला हात घातला.

तेव्हापासून पोटदुखीची रजा काढून दिवसाला साठ कळश्या ओढतो आहे. सावित्रीला सांगितले आहे, वैद्याने व्यायाम सांगितला. तळहाताला फोड आले, विहिरीचा तळ दिसू लागला, आणि गंगा मात्र ठणठणीत आहे. खोलीही झकास गार पडते, बरे का. आमची मांजर तीत झोपते. मला तिथे टेकायला सवड नाही.

मामींना नमस्कार. तुमचा आज्ञाधारक,
हरिश्चंद्र

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. तुम्ही तातडीने बोटीने या. चार माणसांत बसून, मुंबईच्या माणसाला शोभेलशा गंभीर चेहऱ्याने सांगा, की गंगा मृगाआधी आपल्या आपण जाते, त्यात कोणाचे पाप नसते. तुमचे ऐकतील. येताना वळकटीत गुंडाळून शिशाची नळी आणा, म्हणजे पाणी दुसरीकडे काढतो. सावित्रीला यातले अक्षर कळता कामा नये, तुमच्या पाया पडतो.

ता. क. दुसरा. घात झाला. पाकीट चिकटवायला सावित्रीकडे खळ मागितली, तर तिने आधी पत्रच वाचले. रागावली नाही. इतकी हसली, की गडग्यापलीकडून यमुनाबाई विचारू लागल्या, काय झाले गो? ती म्हणते, पहिल्या ओंजळीलाच कळले होते, वाळ्याचा वास येणारी गंगा कोणी पाहिली आहे? यमुनाबाईंनी तर पन्हळच शोधून काढली होती. पण दोघींना बोलायला निमित्त हवे होते, ते आयते मिळाले. आणि लग्नाला एकोणीस वर्षे झाली, नवऱ्याने विहिरीवरून एक कळशी आणली नव्हती, तो दिवसाला साठ आणतो, हा चमत्कार आपण होऊन कोण बंद करील? तेव्हा दोघींच्या विचाराने असे ठरले आहे, की गंगा मृगापर्यंत राहील.

शिशाची नळी आणू नका. रहाटाचा दोर आणा, चांगला जाड.