नव्या मुलीचा चेहरा

१ एप्रिल

काल आले एकदाची टोकियोला, आणि रडले नाही. निघताना आईने खेकड्यांच्या एका डब्यावर आणखी एक डबा ठेवला तेव्हा रडू अगदी काठावर आलं होतं, पण गाडीत खेकड्यांच्या वासाने सगळे माझ्याकडेच बघायला लागले आणि रडू पळालं. खोली साडेचार चटया मावतील एवढी आहे. पाय पसरले की एका भिंतीला लागतात, हात ताणले की दुसऱ्या. खिडकीतून शेजाऱ्यांचे वाळत घातलेले मोजे दिसतात. मला आवडली.

स्टुडिओ ओगिकुबोला, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर आहे. खाली ते दात उपटतात आणि वर आपण माणसं कापतो, असं आमचे दिग्दर्शक मिझोरोगी-सान म्हणाले. मालिका आहे 'सोलणारा'. पन्नास वर्षांपूर्वी साप्ताहिकात येणारी गाजलेली मांगा, म्हणजे चित्रकथा, आईने शाळेत असताना चोरून वाचलेली आणि मग महिनाभर दिवा लावून झोपलेली. एक बिनचेहऱ्याचा माणूस रस्त्यात कुणाच्याही मागे लागतो, गाठतो, त्याचा चेहरा सोलतो आणि स्वतःला लावतो. तो चेहरा जुना झाला की दुसरा शोधतो. एवढीच गोष्ट, बाकी रक्तच रक्त. मी या मांगासाठी लहानपणापासून वेडी आहे, आणि आता तिला हलती करायला माझा हात लागणार.

मला मधल्या चित्रांचं काम मिळालंय. मोठे चित्रकार हालचालीची मुख्य चित्रं काढतात, एक सुरुवातीचं, एक शेवटचं. मधला सगळा प्रवास आम्ही भरायचा. टेबलाची काच खालून उजळते, कागद खुंट्यांत एकावर एक बसवायचे, बोटांत धरून फडफडवले की कागदावरचा माणूस मान वळवतो. प्रत्येकाच्या टेबलावर एक आरसाही असतो. भीती काढायची तर आधी स्वतः घाबरून आरशात बघायचं. इथे मोठमोठी माणसं दिवसभर आरशात तोंडं वेडीवाकडी करत बसतात आणि कुणाला हसूही येत नाही. मला दुपारपर्यंत फार आवरावं लागलं.

संध्याकाळी सगळे लाल दारुमा बाहुलीभोवती जमले. भागाचं काम सुरू होताना तिचा एक डोळा रंगवायचा आणि पुरं झालं की दुसरा. हे सगळीकडेच करतात, पण इथे पहिला डोळा नव्या माणसाने रंगवायचा असा रिवाज आहे. माझा हात थरथरला, डोळा थोडा तिरळा झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

३ एप्रिल

आज मला मारायचं ठरलं! लिहितानाही हसू येतंय.

झालं असं, की मूळ मांगाचे कर्ते कुराबुची सेन्सेई, म्हणजे गुरुजी, यांनी बळी पडणाऱ्यांना चेहरेच काढलेले नाहीत. डोळे नाहीत, नाक नाही, सगळे कोरे. दर आठवड्याची घाई, वेळ वाचवला असेल, असं मिझोरोगी-सान म्हणतात. टीव्हीवर ते चालत नाही. म्हणून इथे बळीला स्टुडिओतल्या कुणाचा तरी चेहरा देतात, आणि नवा माणूस आला की पहिला मान त्याचा. माझा प्रसंग असा: नदीकाठी बसून एक मुलगी तांदळाच्या पिठाचे गोड दांगो खात असते, मागे पावलं वाजतात, ती हसत मान वळवते. हसत, कारण कुणी ओळखीचं असेल असं तिला वाटतं. पुढचं सांगायला नकोच. आईला फोन केला, तर ती मासे विकते त्या अख्ख्या मासळी बाजाराला तिने तो भाग बघायचं फर्मान काढलं.

बळींना आमचे चेहरे द्यायची ही कल्पना मूळची वाकुई-सानची. त्या आमची चित्रं तपासतात. तरुणपणी त्या खुद्द सेन्सेईंच्या हाताखाली काम करायच्या. आज त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, बराच वेळ बघितलं आणि छान चेहरा आहे म्हणाल्या. बाजारात आई मासा असाच बघते.

गेल्या वर्षीची नवी मुलगी कुझे-सान. ती दुसऱ्या भागात मेली. कोपऱ्यात बसते, तोंडाला मास्क, कपाळावर टोपी. परागकणांनी शिंका यायचे दिवस आहेत, अर्धा स्टुडिओ मास्कमध्येच आहे. मी जेवायला चल म्हटलं तर तिने नुसती मान झुकवली. कुणाबरोबरच जेवत नाही म्हणे.

८ एप्रिल

माझ्याच मरणाची मधली चित्रं माझ्याकडेच आलीत. दिवसभर आरशात बघून हसले, गाल दुखले. मुख्य चित्रात माझ्या हनुवटीवरचा वण नव्हता. लहानपणी खेकड्याची नांगी लागली होती, त्याचा. तो मी हौसेने घातला. वाकुई-सान एरवी रेषा केसभर हलली तरी कागद परत पाठवतात. आज पहिल्याच नजरेत पास.

१० एप्रिल

वण गेला! सकाळी तोंड धुताना लक्षात आलं. हनुवटी लोण्यासारखी. टोकियोचं पाणी मानवलं म्हणायचं. आईला सांगितलं तर तिने दोनदा विचारून खात्री केली. मग म्हणाली, बंदरावरच्या जत्रेत तू हरवली होतीस तेव्हा त्या वणावरून तुला शोधलं होतं. मी म्हटलं, आता काय मी हरवणार आहे का?

१५ एप्रिल

काल कानाजवळचा तीळ चित्रात घातला. आज तो कानाजवळ नाही.

योगायोग म्हणायला मी तयार आहे. पण खालच्या दवाखान्यातली बाई, जी रोज मला खायला गोड गोळी देते, तिने आज जिन्यात अडवून विचारलं, पहिल्यांदाच आलात का, वेळ घेतलीय का? मी हसून सांगितलं की मी नागुमो, वरची. ती ओशाळली. पण ओळख पटल्यासारखं तिच्या तोंडावर काही दिसलं नाही.

आरशात बघितलं. मीच आहे. फक्त कुणीतरी हलक्या हाताने पुसल्यासारखी.

१८ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

दुपारी कप धुवायला गेले. मोरीपाशी कुझे-सान उभी होती. मी माफ करा म्हणून मागे फिरले, तर तिने माझी बाही धरली. मग शांतपणे टोपी काढली. मास्क काढला.

काही नव्हतं. जखम नव्हती, रक्त नव्हतं. कपाळापासून हनुवटीपर्यंत कोरं. खोडरबर फिरवून फिरवून कागद जसा मऊ आणि किंचित मळका होतो, तसं. कॉलरवर खोडरबराचा चुरा पडला होता.

तिने माझ्या हनुवटीला बोट लावलं, जिथे वण होता तिथे. मग कमरेतून वाकून नमस्कार केला, माफी मागतात तसा. मास्क लावला आणि जाऊन कोपऱ्यात बसली.

हातातले कप मी न धुताच ठेवून दिले. खाली ड्रिल चालू होतं, वर कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

१९ एप्रिल

वाकुई-सानना गाठलं. त्या चहा गाळत होत्या. हात जरासुद्धा हलला नाही त्यांचा.

"अगं, सेन्सेई कोरे चेहरे काढायचे ते काय आळसाने?" त्या म्हणाल्या. "त्या सोलणाऱ्याला काही मिळू नये म्हणून. शेवटी त्याने त्यांचाच घेतला. अंत्यविधीला लावायला एक फोटो सापडला नाही बघ. फोटो होते, पण सगळ्या फोटोंत मानेच्या वर नुसता कागद."

मग चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"सेन्सेईंच्या मागे त्याला काढणारी मी एकटीच उरले होते. आता मालिका निघाली म्हटल्यावर कुणाचा तरी चेहरा द्यावाच लागणार होता, नाहीतर त्याने माझा घेतला असता. तू राग मानू नकोस, नागुमो. चहा घे."

मिझोरोगी-सानना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काम जास्त झालंय, एक दिवस झोप काढ. आणि जाताना मला कुझे म्हणाले. मी मास्क लावला होता.

२१ एप्रिल

चित्रातून मला बाहेर काढायचं, एवढंच आता डोक्यात आहे. पहिल्या कागदावरचं तोंड खोडलं. दोनदाच रबर फिरवलं असेल, माझे ओठ बधिर झाले. दात उपटल्यावर होतात तसे. घाबरून पुन्हा रेषा मारली, होती तशीच, केसभरही न हलवता. ओठ परतले नाहीत.

म्हणजे खोडायचं नाही. फाडायचं नाही. पुढे काढायचंही नाही. मुलगी अजून मान वळवतेय, त्याचा हात अजून तिच्यापर्यंत पोचलेला नाही. मधलं चित्र मी काढलं नाही तर तो पोचणार नाही.

मी काढणार नाही.

२४ एप्रिल

टीव्हीवर पुढच्या भागाची झलक दाखवली. त्यात मी. नदीकाठी, हसत, वणासकट. इतकी जिवंत तर मी कधीच नव्हते.

आईचा लगेच फोन. आनंदाने नुसती ओरडत होती. अख्ख्या बाजाराने बघितलं, तो वणसुद्धा बघितला म्हणाली. माझं बोलणं फाटकं येतं, ओठच साथ देत नाहीत. म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, आई बघेल. आईला तरी कळेल.

तिने डोळे बारीक केले. चष्मा लावला. मग बसल्या बसल्या एप्रन नीट केला, परक्या माणसासमोर करते तसा.

"माफ करा हं, आपण कोण? चिझुरूच्या मैत्रीण का? तिला जरा देता का फोन?"

मी आई म्हणायचा प्रयत्न केला. तिला ऐकू आलं नाही बहुतेक. ती म्हणाली, तिला सांगा, नीट जेवत जा म्हणावं. आणि तुम्हीही जेवत जा हो, फार फिकट दिसता.

माझ्या आईने मला तुम्ही म्हटलं.

२६ एप्रिल

चित्रांचं पाकीट घरी आणलंय. चोरीच ही. चटईखाली ठेवलं आणि त्यावर बसलेय. शेवटचा कागद बघितला, मी काढला होता तोच. तिच्या खांद्यामागे काही नव्हतं तेव्हा. आता कोपऱ्यात बोटांची टोकं आहेत. रेष माझी नाही —

२९ एप्रिल

मिझोरोगी-सानचा निरोप. काळजी करू नकोस, आराम कर. मुख्य चित्रांच्या नकला संगणकात होत्याच. मधली चित्रं परदेशात पाठवली काढायला. तिकडचे लोक भराभर काढतात. मेची सुट्टी लागायच्या आत होऊन जाईल.

भराभर.

कोण काढत असेल? कुणीतरी पोरगी असेल माझ्यासारखी. आरशात बघून घाबरत असेल. छान काढत असेल —

१ मे

नाक नाही. श्वास येतो, कुठून ते कळत नाही. तोंडाच्या जागी बोट फिरवलं. सपाट. कालपासून पाणी नाही प्यायले —

डाव्या डोळ्याने दिसेना. दुखलं नाही. कुणीतरी कड धरून हळूच उचलावं, चिकटलेला कागद सोडवतात तसं —

कॉलरवर चुरा.

२ मे, सकाळ

फोन आला. घेतला. बोलता येत नाही, नुसता कानाला धरलाय, उरलेल्या उजव्या डोळ्याने लिहितेय. मिझोरोगी-सान खुशीत. भाग पुरा झाला, सगळे जमलेत, तू आजारी आहेस तर फोनवरूनच ऐक. दारुमाचा दुसरा डोळा आता रंगवायचा.

मागे वाकुई-सानचा आवाज. म्हणतायत, आज नवी मुलगी आलीय ना, तिच्याच हाताने होऊ दे.

नवी मुलगी. माझ्या टेबलावर बसवली म्हणे.

कोवळा आवाज आहे. हसतेय. हात थरथरतोय म्हणाली. म्हणतेय, पुढच्या भागात मला मारणार आहेत, आईला सांगितलं तर ती नाचायलाच लागली —

नको. ब्रश ठेव. आरशात बघू नको, पळ, खाली जा, आईकडे जा. ओरडतेय मी. आवाज यायला जागाच नाही. फोनवर नखं मारतेय, ऐक ना पोरी —

वाकुई-सान तिला सांगतायत, शाई जरा निथळू दे. छान चेहरा आहे तुझा —

टाळ्या वाजायला लाग

वहीची ओळ दिस