दोन बोटं मुडपून

८ जानेवारी २०२४
कालेबला फोन केला. बायको गॅब्रिएला बरी? बरी. तिच्या आईचा गुडघा? बदलला, चालते. म्हातारं कुत्रं? खातंपितं. मग धीर केला – आणि बोटं?
"करंगळी आणि तिच्या शेजारचं. झोपलीयत मामा. उठत नाहीत."
नाताळाआधी बर्फावर घसरला, उजवं कोपर मोडलं, नस दुखावली. सर्जन म्हणतात, पूर्वीसारखी होणार नाहीत. मार्चची टूर कॅन्सल.

११ जानेवारी
पस्तीस वर्षं रॉक वाजवतोय माझा भाचा. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी बँड भांडून पांगला, तर ड्रम्स, बेस, मँडोलिन, ऑर्गन – सगळं ह्यानं एकट्यानं वाजवलं. गाणीही त्याचीच. माझी बायको एलिशेबा तेव्हा म्हणाली, "आपल्याच वरातीत हाच नवरा, हाच वाजंत्री."
मुलाखतीत गुरू कोण विचारलं की सांगतो, बर्मिंगहॅमचा हिलेलमामा. मला लाज वाटते.

१४ जानेवारी
का ते लिहूनच टाकतो. बहात्तर साली कारखान्यात प्रेसखाली माझी उजवी दोन बोटं गेली. तीच दोन. पेटी मी मनानंच शिकलेला, उरलेल्या तीन बोटांवर भागवलं. मलिद्याची गाणी, आम्हा ज्यूंच्या घरच्या नवसाच्या विधीची, तेवढ्यात निघतात. सहा वर्षांचा कालेब शेजारी बसायचा आणि आपली धडधाकट दोन बोटं मुडपून घ्यायचा. त्याला वाटायचं, पेटी अशीच वाजवतात. मला कौतुक! बोललोच नाही. पुढे पियानोच्या बाईंचं अख्खं वर्ष ती दोन बोटं उलगडण्यात गेलं. आडात तीन, तर पोहऱ्यात पाच कुठून येणार?

१६ जानेवारी
गॅब्रिएला फोनवर रडत होती. कालेबनं पियानो न्यायला माणूस बोलावलाय. गिटारी गॅरेजमध्ये. घरात रेडिओसुद्धा लावू देत नाही. एलिशेबानं मलिद्याचा नवस बोलला.

१७ जानेवारी
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मग बाईंनी ती एका वर्षात घालवली कशी?
शेजारचे डॉक्टर पद्माकर उद्या लेकीकडे एजवेअरला निघालेत. कालेबचं घर दोन गल्ल्या पुढे. त्यांच्या गाडीत पेटी ठेवली. "हिलेलभाऊ, एवढी जुनी पेटी? तुम्हाला करमेल?" म्हणाले. करमणार नाही. वर चिठ्ठी – 'सहा वर्षांचा असताना बसायचास तसा बस. – मामा.'

२१ जानेवारी
काल शब्बाथ, शनिवारचा विसावा, फोन नाहीच. आजही नाही. आगाऊपणा केला बहुतेक.

२५ जानेवारी
गॅब्रिएलानं रेकॉर्डिंग पाठवलं. कालेब पेटीवर. आधी मलिद्याचं गाणं, अडखळत. मग एक चाल – माझ्या ओळखीची नाही, कुणाच्याच नसेल. शेवटी त्याचा आवाज, "मामा, बाईंना काही जमलं नव्हतं."
लगेच उत्तर लिहिलं – पियानोवाल्याला परत पाठव. मलिद्याला सगळे या. नव्या गाण्याचे शब्द लवकर लिहून धाड. लिहायलाही तीनच बोटं लागतात.