दयेच्या अर्जावरची मारामारी

तीर्थस्वरूप मामांस,

तुमच्या भाच्याचा दमलेला सलाम पोचावा. तुमची तब्येत बरी असेल, मामींचं गुडघ्यांशी चाललेलं भांडण मिटलं असेल, अशी आशा करतो. आम्ही सगळे ठीक. (ठीक म्हणजे उभे आहोत. कोणी ‘बसा’ म्हटलं तर लगेच बसू.)

पत्राला उशीर झाला, कारण आमच्या चर्चच्या मंडळीत फाशी शिरली आहे. आमच्यातल्या ड्रायव्हरने घड्याळवाल्याचं दुकान फोडलं आणि तो आडवा आला म्हणून त्याचा जीव घेतला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. त्याला फाशीची शिक्षा झाली. आता पंचाईत अशी, की घड्याळवाल्याची बायको उपासनेला डावीकडे बसते आणि ड्रायव्हरची म्हातारी आई उजवीकडे. मी मधल्या रिकाम्या वाटेला उपदेश करतो. (मान आखडली आहे, औषध सुचवा.) गेल्या महिन्यात ती म्हातारी माझ्या दारात येऊन बसली. मंडळीने सरकारकडे दयेचा अर्ज करावा, एवढंच तिचं म्हणणं. पाळकाने अशा वेळी काय करावं? मी बैठक बोलावली. कुठून दुर्बुद्धी सुचली!

बैठकीत निवृत्त हवालदारकाका आधी उठले. सत्ता देवाने नेमलेली आहे, अधिकाऱ्याच्या हातातली तलवार काही कांदा चिरायला दिलेली नाही, आणि नोहाच्या काळापासून रक्ताला रक्त हाच देवाचा कायदा आहे, असं त्यांनी (गुन्हा नोंदवून घ्यावा तशा आवाजात) सांगितलं. शाळेच्या बाई तडकल्या. काइन पहिला खुनी, त्याला देवाने फासावर चढवलं का? उलट कोणी मारू नये म्हणून खूण केली. काका म्हणाले, येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराने स्वतःच कबूल केलं की आम्हाला मिळते ती शिक्षा योग्यच आहे. त्यावर बाई म्हणाल्या, “आणि मधल्याचं काय, काका? त्याला खिळलं तेही कायदेशीर सरकारच होतं!”

खोली अशी गप्प झाली, की मला वाटलं, सुटलो. पण आमच्या खजिनदारांना शांतता सोसत नाही. ते म्हणाले, त्या सरकारने दया दाखवली असती तर पापांतून आपलं तारण कसं झालं असतं? झालं! पुढचा तासभर कोण कोणाशी बोलत होतं ते देवालाच ठाऊक. शेवटी दयेच्या बाजूने बोलता बोलता बाईंनी गायनाचं पुस्तक भिरकावलं, ते काकांच्या चष्म्यावर बसलं. काका म्हणाले, जाऊ दे, चुकून झालं. बाई म्हणाल्या, चुकून नाही, मी माफी मागणार नाही. म्हणजे फाशीवाले क्षमा करून मोकळे आणि दयावाले शिक्षेला तयार! मी मधे पडलो, तर दोघांनी मिळून मला विचारलं, “पाळकसाहेब, तुमचं मत काय?” मी चहा मागवला.

तेवढ्यात घड्याळवाल्याची बायको उठली. ती आल्याचंच कोणाच्या ध्यानात नव्हतं. अर्ज ओढून घेत म्हणाली, “मी त्याला क्षमा केलेली नाही, करणार आहे की नाही तेही माहीत नाही. तसंच लिहा. पण त्याला जगू द्या.” सही केली आणि पदर सावरत निघून गेली. ड्रायव्हरची आई तिच्यामागे दारापर्यंत गेली, हात जोडले. तिने मागे वळून पाहिलं नाही. मग सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. काकांनीही. (वर म्हणाले, मत बदललेलं नाही.)

परवा उत्तर आलं. फाशी रद्द, जन्मठेप. बाई म्हणतात दया जिंकली, काका म्हणतात सत्तेचा मान राहिला. मला फक्त झोप हवी आहे. मामींना सलाम, मुलांना पापा.

तुमचा भाचा

ता. क. : बाईंनी काकांना नवा चष्मा करून दिला. माफी अजून बाकी आहे.

ता. क. दुसरा : मामा, हे पत्र मी खरं तर याच्यासाठीच लिहायला बसलो. काल ती बाई, घड्याळवाल्याची बायको, माझ्याकडे आली होती. म्हणाली, “मला तुरुंगात घेऊन चला. माझा माणूस शेवटी काय बोलला, ते त्या एकट्यानेच ऐकलंय.” म्हणून सही केली होती तिने. आम्ही तिच्या सहीवर दोन प्रवचनं झोडली. तो खोटं बोलला तर? खरं सांगितलं आणि ते तिला सोसवलं नाही तर? मी टाळाटाळ केली, तर म्हणाली, मग एकटी जाते. तुम्ही वीस वर्षं तुरुंगात उपदेशक होतात, अशा खोल्यांत बसला आहात. मला शास्त्र येतं, हे येत नाही. बुधवारी भेट आहे. याल का?