लाल की निळी?

प्रिय मामा,

तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. लग्नाच्या पत्रिकासुद्धा तुम्ही मामीकडून वाचून घ्यायचे आणि वर म्हणायचे, "तारीख आन् गाव सांग, बाकी मजकूर सगळ्याईचा एकच असते." पण आज लिहिल्याशिवाय इलाज नाही. उद्या दुपारी कारंज्याचा बबलूभाऊ मंडपवाला येतो आहे. तुमच्या दोन गाड्यांपैकी एक तो नेणार. कोणती, ते मला ठरवायचं आहे. आणि मामा, मला ठरवता येत नाही!

शेडमध्येच बसलो आहे. डावीकडे लाल, उजवीकडे निळी. तुमचा स्टूल मधे. त्यावर अजून कोणी बसत नाही, मीही नाही. डब्यावर बसून लिहितो आहे.

तुमचा राग येतो, खरं सांगू का? बबलूभाऊला शब्द देऊन गेले. "दोनातली एक तुले देईन, एक माह्या रोजच्या मजेले ठेवीन." शब्द दिला, पण कोणती ते काहून नाही सांगितलं? वर्षभर आपण त्याच गोष्टीवर भांडलो. मी म्हणायचो लाल ठेवा, तुम्ही म्हणायचे निळी. मग मी निळी म्हटलं की तुम्ही लगेच लालीच्या बॉनेटवरून हात फिरवायचे. आणि पोळ्याच्या आधी छातीत कळ आली, अकोल्याला पोचायच्या आत सगळं संपलं. भांडण अर्धवट टाकून असं कोणी जातं का?

शेडच्या मालकाला जागा परत पाहिजे आहे. मामीच्या अंगणात एकच गाडी मावते. म्हणून घाई.

आठवतं, मी अमरावतीहून बॅग घेऊन आलो ते? सरांशी भांडून, वर्गातला बाक उलटवून, इंजिनिअरिंग अर्धं सोडून. बाबा दोन शब्द बोलले नाहीत. तुम्ही मात्र घरी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, "बाक उलटवाची ताकद हाय ना? चाल, पॉलिश पेपर मारायले ये." मंगरूळपीरला तुमच्या शेडमध्ये त्या दिवसापासून मी पत्रा घासतो आहे. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबीची पुट्टी भरायची, ती वाळू द्यायची, घासायची. बोटांची सालं गेली, पण डोकं थंड व्हायचं. तुम्हाला ते माहीत होतं का? की फुकटचा माणूस मिळाला म्हणून बोलावलं?

जिल्ह्यातल्या निम्म्या नवरदेवांना तुम्ही तुमच्या वरातीच्या गाड्यांतून मिरवलं असेल. जुन्या जिपेच्या सांगाड्यावर मोठ्या दिव्यांची, पालखीसारखी बॉडी. मानोरा गावातल्या त्या वरातीत पोरीच्या मामानं हौसेनं जाळीवर झेंडूचे एवढे हार बांधले की इंजिनाला हवाच मिळेना. भर चौकात गाडीतून वाफ निघाली. डीजे चालू, नवरदेव खोकतोय, आणि तुम्ही धोतराचा सोगा धरलेल्या त्याच म्हाताऱ्याला ओरडून सांगताय, "आबाजी, हार काढा, नाहीतं नवरदेव शिजते!" नवरी खिडकीतून पाहून हसत होती. तेवढा हसलेला मी त्या वर्षी पहिल्यांदाच.

पण या दोन गाड्या लग्नाच्या नव्हत्या. त्या तुमच्या. फोटोत पाहिलेल्या जुन्या विलायती स्पोर्ट गाड्या, हुबेहूब. असली गाडी आपल्या वाशिम जिल्ह्यात कोणी पाहिलीही नसेल, तरी तुम्हाला आरशाचा बाक चुकलेला चालायचा नाही. लाल म्हणजे लांब नाक, जमिनीला टेकलेली, टप नाही, आवाज असा की गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग पळायची. निळी बुटकी, गोल डोळ्यांची, इंजिन मागे, वर गुंडाळायचं ताडपत्रीचं टप.

"आक्या, रोजची मजा म्हंजे काय रे?" तुम्ही विचारलं होतं.

"पोटात गोळा आला पाहिजे."

"थे जत्रेतली मजा. रोजची मजा म्हंजे बाजूच्या माणसाले डोळा लागला पायजे."

मी हसलो होतो. म्हातारपणाची लक्षणं म्हटलं होतं.

लालीची बाजू मी का घ्यायचो, ते तुम्हाला पुरतं ठाऊक होतं. शेलूबाजारची प्रणाली. कॉलेजच्या मैदानावर आपण लालीची पहिली चाचणी घेतली तेव्हा ती मैत्रिणींसोबत आली होती. लालीचं दार उघडत नाही. खड्ड्यांत बॉडी हलते म्हणून तुम्ही ते वेल्डिंगनं झाळून टाकलं आणि वर नुसती दाराची रेघ ठेवली. प्रणालीनं ओढणी कमरेला बांधली आणि टुणकन उडी मारून आत बसली! तुम्ही पाना शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली. बराच वेळ शोधला. पाना तुमच्या खिशात होता.

तिचं लग्न ठरलं, मामा. मुलगा नागपूरला नोकरीत आहे. हे तुम्हाला कळायच्या आत तुम्ही गेले, तेवढं एक बरं झालं म्हणू की वाईट?

तिच्या बाबांनी नकार दिला असता तर मी भांडलो असतो. पण नकार तिचाच आहे. बसस्टँडवर भेटली. शांतपणे म्हणाली, "आकाश, तू वाईट नाहीस. पन तू रागात असतो ना, तवा मले भेव वाटते. रोज भेव घेऊन कसं राहू?" मी तिथेच बाकड्याला लाथ मारली. ती बाकड्याकडे बघत राहिली, मग बसमध्ये चढली. माझ्या वतीनं त्या लाथेनंच उत्तर दिलं ना, मामा?

परवा बबलूभाऊ येऊन गेला. मामीनं चहा केला. तो लालीभोवती फिरला, तिच्या नाकावर थापटलं आणि म्हणाला, "वहिनी, कोणतीबी द्या, भाऊचा शब्द होता. पन लाल देली त सोनंच. पयली बुकिंग आताच पक्की. शेलूबाजारची पोरगी हाय, प्रणाली नावाची. नवरदेव नागपूरचा हाय, त्याले उघडी गाडीच पायजे म्हंते."

माझ्या हातातला कप भिंतीवर गेला.

बबलूभाऊ घाबरून उठला. "काय झालं बे? चहा गरम होता काय?"

मामी खाली बसून तुकडे वेचत म्हणाली, "माह्या लग्नातला कप होता रे. सहातला हा एकच राह्यला होता."

मी सॉरी म्हटलं. तुकडे कागदात गुंडाळून तिनं फेकलेसुद्धा नाहीत, फळीवर ठेवले. आता समजलं ना, मला का ठरवता येत नाही? निळी दिली तर लाल माझ्याकडे राहते, आणि तो नागपूरवाला दुसऱ्या कशात तरी बसून येईल. लाल दिली तर ज्या जागी ती उडी मारून बसली होती, तिथे तो बसेल. फेटा बांधून. मी घासलेल्या पत्र्यावर हात टेकून.

त्या संध्याकाळी ठरवलं, लाल द्यायचीच नाही. किल्ली घेतली आणि निघालो. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच ती रस्त्यावर काढली. सोयाबीन निघालेलं, वावरं मोकळी, हवेत गारवा. आवाज तसाच! पायाजवळ इंजिनाची धग तशीच, प्रत्येक ब्रेकरला पोट घासायचं तेही तसंच. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं. पण लालीत बसलो की रस्ता एकच आठवतो. शेलूबाजारच्या फाट्यावर येऊन थांबलो.

पानठेल्यावरची चार माणसं उठून उभी राहिली. एक पोरगं पुढे पळालं, दोन बाया ओट्यावर आल्या. एका बाबानं डोळ्यावर हात धरून गाडीत पाहिलं आणि विचारलं, "वरात कोनाची हाय? नवरदेव कुठं हाय बे?"

"वरात नाही बाबा. सहज फिरतोय."

"सहज?" तो बाकीच्यांकडे वळला. "सहज म्हंते! अशा गाडीत एकटंच?"

सगळे हसले. चांगल्या मनानंच हसले. मामा, माझं डोकं फिरायला हवं होतं, नेहमीसारखं. फिरलं नाही. तिचं घर तिथून दिसतं. दारापुढे मांडवाची लाकडं येऊन पडली होती. मी गाडी वळवली. वळतानाही ते लोक रस्ता करून देत होते, मागून अजून कोणी येईल म्हणून वाट पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मामीची ऑटो चुकली. तिला खेड्यावरच्या अंगणवाडीत वेळेवर पोचायचं होतं. म्हणाली, "लाल काढू नको, बाप्पा. लुगडं नेसून मले उड्या मारता येत नाई." मी निळी काढली. दार उघडलं. ती पोरांचं वजन करायचा काटा मांडीवर घेऊन बसली, अगदी ताठ, दोन्ही हातांनी काटा धरून. जशी कोणाच्या परक्या घरी आली असावी.

गाव मागे पडल्यावर म्हणाली, "आकाश, एक सांगू? एवढी चांगली गाडी केली त्याईनं, पन मले एकदाबी तिच्यात बसवलं नाई."

मला खरं वाटलं नाही. "एकदाही नाही?"

"म्हनलं की म्हनत, थांब सुमे, अजून एक हात मारतो रंगाचा. मंग जाऊ. मंग अजून एक हात." काटा सावरत म्हणाली, "मी इतके वर्सं ऑटोत मांगं बसून गेली. ह्याच रस्त्यानं."

हे काय केलं मामा तुम्ही? रोज चालवायची गाडी तुम्ही रोज पुसली! जगातल्या सगळ्या पोरांना लग्नात मिरवलं आणि मामी फाट्यावर ऑटोची वाट पाहत उभी! मला भडक डोक्याचा म्हणायचे ना? तुमच्या त्या थंड डोक्याचं काय करायचं? मी रागात वस्तू फोडतो. तुम्ही एवढ्या शांतपणे एवढी वर्षं घालवली, कोणाला तुटल्याचा आवाजही आला नाही.

रागावू नका. पण तुम्ही असते तर हे तोंडावर बोललो असतो.

अंगणवाडीच्या पोरांनी निळीला बेडूक म्हटलं. मामी उतरून त्यांच्यावर खेकसली, पण चालताना पदर सावरत दोनदा वळून तिनं गाडीकडे पाहिलं. संध्याकाळी आणायला गेलो. परतताना वेशीजवळ पाहतो तर तिची मान कलंडलेली, तोंड थोडं उघडं, काटा मांडीवरून घसरलेला. मी वेग कमी केला. मग गल्लीत न वळता गावाला बाहेरून एक चक्कर मारली, आणि अजून एक. पेट्रोल जळत होतं, जळू दिलं. तुमचं म्हणणं खरं निघालं, मामा. पण ते खरं करून बघायला तुम्ही नव्हते, आणि तुमच्या जागी स्टेअरिंगवर मी होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते धुळीनं नव्हे.

उद्या लाल जाईल. हे लिहिता लिहिता ठरलं असं नाही, ठरलं कालच होतं. मन धजत नव्हतं. लाल भारी आहे, आजही सांगतो, निळीपेक्षा दसपट भारी! पण तिच्यात बसून मी एकाच दारासमोर जाऊन उभा राहतो, आणि ते दार आता मला उघडणार नाही. अशी गाडी अंगणात ठेवली तर मी रोज तिथेच जाईन. आणि रोज कुठेतरी लाथ मारीन.

बबलूभाऊला प्रणालीबद्दल काही सांगणार नाही. लाल स्वच्छ करून, तेलपाणी पाहून देईन. भर वरातीत ती बंद पडावी असं एकदा मनात आलं होतं. एक वायर सैल केली की झालं, कोणाला कळलंही नसतं. पाना हातात घेऊनसुद्धा झाला. मग खाली ठेवला. तुमचं काम आहे ते. आणि त्या दिवशी ती वाट पाहत असेल.

मामीचं माहेर रिठद. तुम्ही गेल्यापासून ती तिकडे गेली नाही, म्हणते, "बसनं कोण जाईल, आन् गेली त सगळे रडतीन." मामा, तुम्हाला वचन देतो. प्रणालीच्या लग्नाच्या दिवशी मी शेलूबाजारच्या बाजूला फिरकणार नाही. त्या दिवशी सकाळीच मामीला निळीत घालून रिठदला नेईन. तिला बहिणींसोबत रडायचं तेवढं रडू देईन, आणि मी बाहेर ओट्यावर बसेन. रस्त्यात कोणी कट मारला तर काच खाली करून शिवी देणार नाही. निदान मामी झोपलेली असेपर्यंत तरी नाही.

तुमचा भाचा,
आक्या