समाचाराला आलेल्या बाई

६ नोव्हेंबर १९६८, चिंचवड
बिऱ्हाड लागलं एकदाचं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पेरूचं झाड. कंपनीचा भोंगा झाला की आमची चार वर्षांची शुभू कानांवर हात ठेवून हसते. घरमालकीण रुक्मिणीबाई इथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि ह्यांना म्हणाल्या, मुकुंदराव, जेवत जावा, मशीनच्या वाऱ्यानं उडाल.

१५ नोव्हेंबर
गावठाणात फ्लूची साथ. डॉक्टरांनी बजावलंय : ताप, खोकला, अंग ठणकणं ही लक्षणं; धाप लागली तर लगेच इस्पितळ. तोंडावर रुमाल, हात साबणाने, आजाऱ्याची भांडी वेगळी. आणि समाचाराला कुणाकडे जायचं नाही. रुक्मिणीबाईंना सांगितलं तर हसल्या. आजाऱ्याला बघाया न्हाई गेलं तर आमी माणसं कसली गं, म्हणाल्या. घरोघर जातात, उशाशी बसतात, पदराने कपाळ पुसतात.

१९ नोव्हेंबर
ह्यांना ताप. रुक्मिणीबाई आल्या, खोकतच. येऊ नका म्हणायला तोंड उघडलं, पण वडीलधाऱ्या बाईला दारातून कसं परतवायचं? नशीब, शुभू झोपली होती.

२४ नोव्हेंबर
रुक्मिणीबाई गेल्या. धाप लागूनही इस्पितळात जाईनात. हे बरे होऊन कामावर गेले. मला कणकण आहे.

२७ नोव्हेंबर
शेजारच्या सोजराबाई तापाने पडल्यात. खिडकीतूनच विचारपूस केली. म्हणाल्या, दुपारी रुक्मिणीबाई येऊन बसल्या होत्या. कपाळ पुसलं. हात लई गार.
तापात माणूस काहीही बोलतं.
संध्याकाळी त्यांची सून पडली.

२९ नोव्हेंबर
माझा ताप चढलाय. शुभूला आतल्या खोलीत वेगळं ठेवलंय, बाहेरून कडी. हे तिला जेवू घालून मगच शिफ्टला जातात.
भर दुपारी अंगणात खोकला. ओळखीचा.

३० नोव्हेंबर
आज ओट्यावर. दाराआडून म्हटलं, साथ आहे, बाई, आत येऊ नका. जिवंत होत्या तेव्हा म्हणवलं नाही, ते —
खोकला थांबला. गेल्या असाव्यात.

१ डिसेंबर
आतल्या खोलीत शुभू कुणाशी तरी बोलतेय. विचारलं, तर म्हणते, मालकीणआजी आल्यात, मांडीवर घेतलंय.
कडी तशीच आहे —
दार उघडलं तर माझा ताप तिला लागेल. नाही उघडलं तर —
नाकावर पदर बांधला. हात कडीवर —
शुभू बोलायची थांबली. आत आता दोघी खोक—