उरलेल्या गोळ्यांचा डबा

बुधवार, संध्याकाळ. अमरावती

आज यांचा ताप उतरला. लघवीच्या संसर्गावर नेहमीच्या गोळ्या चालल्याच नाहीत, दवाखान्यात आठवडाभर शिरेतून औषध द्यावं लागलं. सकाळी डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक गोळ्या अर्धवट घेतल्या की जंतू त्यांना दाद देत नाहीत, आणि विचारलं, "याआधी घरी कोणत्या गोळ्या दिल्या?" मी म्हटलं, "कोणत्याच नाही." का खोटं बोलले? कपाटातला तो बिस्किटांचा डबा डोळ्यांपुढे होता. बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या त्यात टाकायच्या आणि पुढच्या दुखण्याला त्यातूनच काढायच्या. गल्लीतल्या बायाही विरजण मागावं तशा गोळी मागायला येतात. केवढा अभिमान होता मला त्या डब्याचा!

आत्ता शेजारच्या शबानाभाभी आल्या. "ताई, पोरीचा गळा दुखून राह्यला. डब्यातली ते लाल गोळी देता का?"

"डबा बंद केला, भाभी. तिले डॉक्टरले दाखवा."

"काहून? राग आला का?"

मग सगळं सांगितलं. डॉक्टरांपासून लपवलं तेसुद्धा.

भाभी हळूच म्हणाल्या, "मंग मागच्या खेपेले तुमी तिले दोनच गोळ्या देल्या होत्या, त्याचं काय?"

उद्या डबा घेऊनच डॉक्टरांसमोर जाते. भाभींना आणि पोरीलाही सोबत नेते.